वाढत्या अंगाची ईदी

गुरुवार, २७ मार्च २०२५

आपाच्या घरची पाच नातवंडं आणि माझी एक पेन्शन, असा हा ईदीचा, म्हणजे ईदला मुलांना द्यायच्या भेटींचा, हिशेब. थोरला पंधराचा, त्याची बहीण बाराची, मधला नऊचा, धाकटीला चार पूर्ण झाली आणि सगळ्यांत शेवटचं पोर गेल्या महिन्यात वर्षाचं झालं. पहिली दोन मोठ्या मुलाची, नंतरची तीन धाकट्याची. सगळी बडोद्यातल्या तांदळजाला एका छपराखाली. आपा आणि मी शाळेत एका बाकावरच्या. ती माझ्याहून थोडी लहानच आहे, पण तिला घरीदारी सगळे आपा, म्हणजे मोठी बहीण, म्हणतात म्हणून मीही म्हणते. तेव्हा दोन्ही घरं मांडवीच्या आसपास, एकमेकींना हाक ऐकू जाईल इतकी जवळ. पुढे शहराची वाटणी होत गेली तशी ती मंडळी तिकडे गेली आणि आम्ही दांडिया बाजारात राहिलो. त्यावर लिहायला बसले तर वही पुरणार नाही.

इतकी वर्षं मी सगळ्यांना सारखी पाकिटं देत आले. रिवाजही रोख ईदीचाच. पण मागच्या ईदला धाकटीने नोट काढून आईच्या हातात ठेवली आणि रिकाम्या पाकिटाशी तासभर खेळत बसली, कारण त्यावर सोनेरी चंद्र छापला होता. तेव्हाच ठरवलं, यंदा वस्तू द्यायच्या, प्रत्येकाला त्याच्या वयाची.

सकाळी वहीत रकाने पाडले. नाव, वय, वस्तू, रक्कम. आयुष्य हिशेब खात्यात गेलं, दुसरं काही सुचत नाही. रकमेच्या रकान्यापाशी अडले. पाचांना सारखीच ठेवायची का? आपाला फोन लावला. ती माझ्याशी मराठीत बोलते आणि रागावली की गुजरातीत. आज मराठीत होती. तिने एक हदीस, म्हणजे पैगंबरांची एक आठवण, सांगितली. एकाने आपल्या एका मुलाला काही दिलं आणि पैगंबरांना त्याला साक्षी राहायला सांगितलं. त्यांनी विचारलं, बाकीच्या मुलांनाही असंच दिलंस का? तो नाही म्हणाला, तर त्यांनी साक्षी राहायला नकार दिला आणि मुलांमध्ये न्यायाने वाग म्हणून सांगितलं.

मी म्हटलं, "अगं, ते आई-बापांसाठी आहे. मी तर मावशी."

"मुलांना काय त्याचं? ती मोजणारच," आपा म्हणाली. मग तिने फितऱ्याचं सांगितलं. ईदच्या नमाजाआधी घरातल्या माणशी ठरलेल्या वजनाच्या गव्हाची किंमत गरिबांना द्यायची, आणि त्यात वर्षाच्या पोराचा आणि साठी ओलांडलेल्या आपाचा वाटा सारखाच. "तुझी खेळणी नंतर. फितरा आधी."

फोन ठेवल्यावर बराच वेळ तेच डोक्यात. फितरा सारखा असतो कारण तो घेणाऱ्याच्या भुकेसाठी आहे, देणाऱ्याच्या वयाशी त्याचा संबंध नाही. भेटीचं तसं नाही. आणि मुलं मोजतात हे खरं असलं तरी सगळी एकाच मापाने मोजत नाहीत. लहान मुलं खोक्याचा आकार मोजतात. नऊ-दहाच्या पुढची किंमत मोजतात आणि आजकाल ती लगेच फोनवर काढून बघतात. वर्षाचं पोर काहीच मोजत नाही, त्याच्या वतीने त्याची आई मोजते. म्हणजे बरोबरी पाचही ठिकाणी वेगवेगळी ठेवायची. रकमेचा रकाना खोडून टाकला.

शुक्रवार, २८ मार्च

आज रमजानचा शेवटचा जुम्मा. मांडवीकडे पाय ठेवायला जागा नव्हती, तरी गेलेच. मधल्यासाठी बॅट घ्यायची होती. बडोद्यातल्या नऊ वर्षांच्या मुलाला दुसरं काय देणार? इरफान आणि यूसुफ पठाण हे भाऊ याच मांडवीच्या जामा मशिदीच्या आवारात वाढले, वडील तिथे अजान देणारे मुअज्जिन होते. तांदळजातल्या प्रत्येक पोराला ही गोष्ट तोंडपाठ आहे आणि प्रत्येकाला वाटतं की पुढची गोष्ट आपली.

रावपुऱ्यातल्या दुकानदाराने मोठी बॅट पुढे केली. "मोटी लई लो बेन, बे वरस चालशे." मला लगेच आमची आई आठवली. तिने आम्हा भावंडांना कधी अंगाबरोबर कपडा शिवला नाही, सगळे वाढत्या अंगाचे. फ्रॉक अंगाला नीट बसायला लागेपर्यंत विटलेला असायचा. फ्रॉकचं एक वेळ चालेल, बॅटचं नाही. जड बॅट असली की मूल मूठ खाली धरतं, फटका उशिरा येतो आणि हात चुकीचा वळतो तो कायमचा. बॅट पायाशी उभी केली की मुठीचं टोक साधारण कमरेशी यावं. मधल्याची उंची आपाकडून आधीच मागवली होती, भिंतीवर पेन्सिलीने मोजून. चार नंबर घेतला, काश्मिरी विलोच्या लाकडाचा, टेनिस बॉलवर खेळायचा. इंग्लिश विलो गल्लीत कोण खेळतं? दुकानदार नाराज झाला. दोन वर्षांनी पुन्हा घेऊ म्हटल्यावर खुलला.

त्याच फेरीत धाकटीचं काम झालं. मंगळ बाजारातल्या गुलाबी प्लास्टिकच्या स्वयंपाकघरांच्या थप्प्या बघितल्या, बटण दाबलं की गाणं म्हणणारी. खेळण्यांवर आयएसआयची खूण १ जानेवारी २०२१ पासून सक्तीची झाली आहे, पण फुटपाथवरच्या मालावर ती शोधत बसा. आणि त्या घरात वर्षाचं पोर आहे. चार वर्षांच्या मुलीचं खेळणं म्हणजे त्याचंही खेळणं. बटणासारख्या चपट्या बॅटरीचं झाकण नुसतं नखाने उघडतं, हे मी दुकानातच उघडून दाखवलं. ती बॅटरी पोटात गेली तर काही तासांत अन्ननलिका भाजते. दुकानदाराने झाकण बंद केलं आणि माझ्याकडे पाहणंही.

शेवटी भांड्यांच्या दुकानात स्टीलची भातुकली घेतली. तीन वर्षांखालच्या पोराच्या तोंडात मावेल असं त्यातलं सगळं बाजूला काढायला लावलं. बोटभर चमचे गेले, पेलेही गेले. राहिली हंडी, झारा, परात आणि कढई. हंडी चांगली ऐसपैस मिळाली, आपाच्या शीरखुर्म्याच्या पातेल्याचं नातवंड शोभेल अशी.

बाहुलीही बघितली होती. घ्यावी की नाही म्हणून आपाला तिथूनच फोन केला. काही घरांत माणसाच्या आकाराची खेळणी ठेवत नाहीत, हे मला ठाऊक होतं. ती म्हणाली, हजरत आयशा लहानपणी बाहुल्यांशी खेळायच्या, त्यांच्याकडे पंखांचा घोडासुद्धा होता. त्यामुळे तिच्या घरी चालतं, पण तिच्या जावेच्या घरी नाही. विचारून घेतलेलं बरं. पण तोवर भातुकलीने बाजी मारली होती.

ह्यांनीही आपल्या परीने खरेदी केली. मोठ्या मॉलमधून रंगीबेरंगी मऊ गोळ्यांचं परदेशी पाकीट आणलं. पाकिटावर हिरव्याऐवजी तपकिरी खूण, घटकांत जिलेटिन. गाईचं की डुकराचं, काही लिहिलेलं नाही. ते आता आमच्याच फ्रिजमध्ये पडलंय आणि चतुर्थी असो की एकादशी, इथेही त्याला कोणी हात लावणार नाही.

शनिवार, २९ मार्च

आज अमावास्या. ह्यांनी सकाळपासून पंचांग काढलंय. उद्या पाडवा, आणि चंद्र उद्याच दिसला तर परवा ईद. हिजरी वर्ष आपल्या सौर वर्षापेक्षा दहा-अकरा दिवसांनी लहान, म्हणून ईद दर वर्षी मागे सरकते. आपलं पंचांग अधिक महिना घालून पुन्हा जागेवर येतं, त्यांच्यात तो नाही. पुढच्या वर्षीही दोन्ही सण जवळजवळच असतील, मग २०२६चा अधिक ज्येष्ठ आला की फारकत. "म्हणजे पुढच्या वर्षी श्रीखंड आणि शीरखुर्मा एकाच आठवड्यात," असा निष्कर्ष काढून ह्यांनी पंचांग मिटलं. त्यांना मधुमेह आहे.

बारा वर्षांच्या मुलीला काय द्यायचं, हा प्रश्न सगळ्यांनी तिच्या वतीने आधीच सोडवलेला असतो. ड्रेसचं कापड, बांगड्या, मेंदीचे कोन. तिच्या आत्या, खाला, मामी सगळ्या तेच देणार. यंदा तिने पहिल्यांदाच सगळे रोजे धरलेत, चुलतभावासारखा दुपारी सुटणारा चिडियारोजा नाही. घरात तिच्याकडे बघायची नजर बदललीय, म्हणजे वाढत्या अंगाचे कपडे आता तिला आणखीनच येणार. पण ती वहीच्या मागच्या पानांवर वर्तुळात वर्तुळं काढत असते, ते मी पाहिलंय. कंपास शाळेचा, ढिला. वर्तुळाचं शेवटचं टोक पहिल्याला भेटतच नाही.

फाइन आर्ट्स कॉलेजच्या आसपास चित्रकलेच्या सामानाची दुकानं आहेत. तिथून आर्किटेक्टची पोरं वापरतात तसा स्क्रूचा कंपास घेतला. तो एकदा लावला की हलत नाही. बारीक टोकाची काळी पेनं घेतली आणि जाड कागदाची वही. कंपास न हलवता वर्तुळावर सहा वेळा पाऊल टाकलं की सहा पाकळ्यांचं फूल होतं. त्याच फुलातून षट्कोन निघतो, षट्कोनातून तारा. प्रतापनगरच्या हजिऱ्याच्या जाळ्यांत अशाच भूमितीचे नमुने आहेत. अकबराच्या काळातली ती कबर आपल्या शहरात आहे आणि आपण तिच्यासमोरून भाजी घेऊन जातो. याच फाइन आर्ट्समध्ये १९७२ पासून नसरीन मोहमदी शिकवत होत्या, पेनाच्या नुसत्या सरळ बारीक रेघांतून चित्र उभं करणाऱ्या. मी त्यांची चित्रं एकदा पाहिली होती. समजली असं म्हणणार नाही, पण त्या रेघा मात्र डोळ्यांसमोरून हलल्या नाहीत. मुलीला यातलं काहीच सांगणार नाही. भेटीबरोबर व्याख्यान दिलं की भेट अभ्यास होते.

छोट्यासाठी पांगुळगाडा. हा माझा हट्ट. डभोईच्या पुढे संखेडा गाव आहे, तिथली सागवानी लाखकामाची कारागिरी. लाल-सोनेरी पाळणे, झोपाळे आणि त्यातच मुलांची चालगाडी. हस्तकलेच्या अशा वस्तूंना आयएसआयच्या सक्तीतून सूट आहे, त्यामुळे रंग कसला लावलाय, तोंडात घातला तर काय होईल, हे आपणच विचारायचं. दुकानदाराने आधी "काही होत नाही" म्हटलं, मग कारागिराला फोन लावून दिला. त्याने शांतपणे सगळं सांगितलं आणि शेवटी म्हणाला, "दांडीचं टोक चावतील, तेवढं मी बिनरंगाचं ठेवून देतो." असा माणूस भेटला की किमतीत घासाघीस करवत नाही. केली, पण थोडी.

थोरल्याचं अडलं. पंधरा वर्षांच्या मुलाला काहीही द्या, ते एक वर्ष लहान नाहीतर दोन वर्षं मोठं निघतं. ह्यांनी रेशमी कुडता सुचवला. शुद्ध रेशीम आणि सोनं त्यांच्यात पुरुष वापरत नाहीत म्हटल्यावर "मग चांदीची अंगठी." चांदी चालते, पण दहावीची बोर्डाची परीक्षा नुकतीच देऊन बसलेल्या मुलाला अंगठी म्हणजे साखरपुडाच. शेवटी त्यालाच विचारलं. फोनवर म्हणाला, "काही नको मावशी." तासाभराने मेसेज आला: मावशी, वस्तू नको. दहाच्या कोऱ्या नोटा मिळतील का? छोट्यांना मला द्यायच्या आहेत. अम्मीला सांगू नका.

मी तो मेसेज ह्यांना वाचून दाखवला. टीव्हीवर गुजरात आणि मुंबईची मॅच लागली होती, तरी त्यांनी आवाज कमी केला.

कमाई नाही, पण घरातला थोरला. ईदच्या सकाळी गल्लीतली पोरं भाईजान ईदी, भाईजान ईदी करत मागे लागत असणार आणि हा खिशात हात घालून उभा राहत असणार. याला घेणाऱ्यांच्या रांगेतून उठून पलीकडे जायचं होतं, आणि त्याचं भाडं माझ्याकडून हवं होतं. वाढत्या अंगाचं म्हणून आम्ही मुलांना जे देतो ते आमच्या काटकसरीसाठी असतं. यानं स्वतःहून मागितलेलं वाढतं माप मात्र पहिलंच बघत होते. ऑफिसातल्या जुन्या सहकाऱ्याकडे दहाच्या कोऱ्या नोटांची गड्डी होती, त्यातल्या पन्नास मिळवल्या.

रविवार, ३० मार्च, पाडवा

गुढी, कडुनिंब-गूळ, श्रीखंड-पुरी. दुपारी श्रीखंडाचा डबा थंड करून ठेवला आणि इफ्तारच्या सुमारास तांदळजाला पोचवला. रोजाच्या घरी दिवसाढवळ्या डबा नेऊन काय करणार? अजान झाली, सगळ्यांनी खजूर तोंडात टाकले आणि मुलं गच्चीकडे पळाली. आम्ही निघालो तेव्हा वाटेतच फटाके ऐकू आले. चंद्र दिसला होता.

भेटी आज दिल्या नाहीत. चांदरातीला घरातल्या बायकांना श्वास घ्यायला वेळ नसतो. शेवया भाजणं, मेंदी, इस्त्री. त्यात खोकी नेऊन ठेवली की मुलं झोपत नाहीत.

येताना ह्यांनी त्यांची ठेवणीतली गोष्ट काढली. खंडेराव महाराज गायकवाडांनी बसऱ्याच्या मोत्यांचा गालिचा करवला, असं म्हणतात की मदिनेला पैगंबरांच्या कबरीवर अर्पण करण्यासाठी. १८७० मध्ये महाराज गेले, गालिचा बडोद्यातच राहिला. पुढे तो फिरत फिरत २००९ मध्ये दोह्याच्या लिलावात पंचावन्न लाख डॉलरच्या आसपास गेला. "मराठ्याने पाठवलेली ईदी पोचलीच नाही बघ," ह्यांचं म्हणणं. "तू निदान पांगुळगाडा वेळेवर पोचव."

सोमवार, ३१ मार्च, ईद

सकाळी नमाज, मग कबरस्तान, मग त्यांचे नातेवाईक. आम्ही दुपार टळल्यावर गेलो. ईद मुबारक, गळाभेटी, आणि बसायच्या आधीच हातात शीरखुर्म्याची वाटी. ह्यांनी दोन संपवल्या, मी मोजत होते.

मधल्याने कागद फाडला, बॅट उभी धरून कमरेशी लावली आणि माझ्याकडे बघून मान हलवली, जाणकाराने दाद द्यावी तशी. मग गायब. धाकटीने हंडी डोक्यावर घातली. तिच्यासाठी वेगळी दहा-दहाची नाणीही नेली होती, पाकिटात नाही, कापडी बटव्यात. ती वाजतात म्हणून तिला त्या दिवसातली सगळ्यांत मोठी रक्कम वाटली. तिच्या आईने नोट ठेवायला मागितली असती, नाणी मागितली नाहीत.

मुलीने कंपास उघडला, स्क्रू फिरवून बघितला आणि "थँक यू मावशी" म्हणून खोलीत गेली. तिची खाला मला हळूच म्हणाली, "ड्रेस दिला असता तर खूश झाली असती." मी हसले. थोड्या वेळाने आपा खोलीत डोकावून आली आणि म्हणाली, मेंदीच्या हातांनी वहीला डाग पाडतेय.

थोरल्याला पाकीट जिन्यात दिलं, चोरीचा माल द्यावा तसं. आम्ही निघेपर्यंत तो गल्लीच्या तोंडाशी उभा होता, पांढऱ्या कुडत्यात, भोवती पोरांचा गराडा. एकेकाला रांगेत उभं करून नोट देत होता आणि प्रत्येकाकडून सलाम घेत होता. मला पाहिल्यावर न पाहिल्यासारखं केलं. रात्री मेसेज आला: चौतीस वाटल्या, सोळा उरल्या. ठेवू का? हिशेब चोख होता, म्हटलं ठेव.

मंगळवार, १ एप्रिल

आज बासी ईद. मुलांना घेऊन ते सगळे कमाटी बागेत जाणार होते, त्यामुळे फोन येईलसं वाटलं नव्हतं. दुपारी आला. आपा, आणि सरळ गुजरातीत. पांगुळगाड्याची चाकं लाकडी, त्यावर खडखड वाजणाऱ्या पट्ट्या, आणि पोराने काल संध्याकाळपासून तो सोडलेला नाही. महिनाभर रात्रीचं जागून आज कुठे दुपारी पाठ टेकावी म्हटलं, तर दिवाणखान्यातून स्वयंपाकघर आणि स्वयंपाकघरातून दिवाणखाना. बागेतसुद्धा गाडा घेऊनच जायचंय म्हणतोय, म्हणजे बोलता येत नाही पण दांडी सोडत नाही.

मी म्हटलं, पट्ट्या काढता येतात, खाली दोन स्क्रू आहेत.

"काढल्या होत्या," ती म्हणाली. "इतकं रडला की परत लावल्या." आणि फोन ठेवता ठेवता मराठीत आली. "दिवाळीला तुझ्या नातवाला मी ढोल देणार आहे. चामड्याचा."

ह्यांनी लगेच विचारलं, नातू दिवाळीत किती वर्षांचा असेल. म्हटलं, दोनचा. तर म्हणाले, मग लहानच आण म्हणावं, वाढत्या अंगाचा नको.